२२ पॉइंट, चौकट आणि किलवर दोन्ही लांब: टू क्लब की वन डायमंड?

मेंढीकोटवाला:

नमस्कार मंडळी. लहानपणापासून मेंढीकोट, बदाम सात, जजमेंट असलं सगळं खेळलोय पण ब्रिजला बसायला लागून जेमतेम दीड वर्ष झालंय, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

काल क्लबात पेअर्स होती, मॅचपॉइंट (म्हणजे तेच पत्ते बाकी टेबलांवर ज्यांना आले त्यांच्या स्कोअरशी तुलना). मी डीलर, आम्ही व्हल्नरेबल (म्हणजे बोनसही मोठा, दंडही मोठा), समोरचे नाहीत. पत्ते उचलले आणि हे निघालं:

इस्पिक: एक्का
बदाम: राणी ४
चौकट: एक्का राजा राणी १० ५
किलवर: एक्का राजा ९ ६ २

पॉइंट मोजले (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १), २२. विश्वास बसेना म्हणून परत मोजले, तरी २२च. आमची सिस्टिम साधी आहे (बोलीत इस्पिक म्हणजे स्पेड, बदाम हार्ट, चौकट डायमंड, किलवर क्लब; पहिले दोन मेजर, नंतरचे दोन मायनर), पाच पानांचे मेजर, वन नो ट्रम्प १५-१७, टू नो ट्रम्प २०-२१, आणि टू क्लब म्हणजे (किलवरशी संबंध नाही) २२ किंवा वर, नाहीतर स्वतःच्या जोरावर नऊ हात. दोनच्या बाकी बोली वीक, म्हणजे रंग लांब पण पॉइंट कमी. म्हणजे शंकेला जागाच नव्हती, मी ऐटीत स्टॉपचं कार्ड ठेवून टू क्लब काढला. (खरं सांगायचं तर दीड वर्षात तिसऱ्यांदाच काढला असेल, बॉक्समधून त्याच्याबरोबर अजून दोन कार्डं बाहेर आली.)

डावीकडच्या बाईंनी श्वास घ्यायच्या आत थ्री स्पेड टाकला. माझे पार्टनर म्हणजे आमच्या सोसायटीतले काका, त्यांनी पास. उजवीकडून फोर स्पेड. आता मी काय करायचं? दोन रंग आहेत, एकही सांगून झालेला नाही आणि आपण पोचलोय पाचच्या मजल्यावर. चौकट जास्त घट्ट वाटली म्हणून फाइव्ह डायमंड (चौकट हुकूम, अकरा हात) बोललो, सगळे पास.

काकांनी डमी उघडली, म्हणजे त्यांची पानं टेबलवर मांडली:

इस्पिक: ९ ४ २
बदाम: गुलाम ९ ६ ५ ३
चौकट: ६
किलवर: राणी १० ७ ४

चार किलवर! आणि चौकट एक! डावीकडे चौकटचा गुलाम चौथा निघाला, बदामचे दोन गेले, एक डाउन. वजा १००. फाइव्ह क्लब आरामात होता, फक्त बदामचे दोन हात जातात. स्कोअर बघितला तर दोन टेबलांवर फाइव्ह क्लब होऊन ६०० लिहिलेले, आणि त्यातल्या एकाला जाऊन विचारलं तर म्हणाला आम्ही वन डायमंडने सुरुवात केली. २२ पॉइंटवर वन डायमंड? आणि सगळ्यांनी पास केलं असतं तर? माझ्याबरोबर हे झालेलं आहे हो, मागे २० पॉइंटवर वन हार्ट बोललो आणि तो तिथेच राहिला, फोर हार्ट होत होते. तेव्हापासून धसकाच घेतलाय.

काका काही बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून पुसला. ते जास्त लागलं.

---

उतारी_नागपूर:

छान प्रश्न, आणि अजिबात बाळबोध नाही, पंधरा-वीस वर्षं खेळणारे पण यावर भांडतात.

माझं मत आधी सांगतो, ही पानं मी वन डायमंडने उघडतो. पॉइंट कमी आहेत म्हणून नाही. टू क्लब काढताना स्वतःला विचारायचं की माझी दुसरी बोली काय असणार? आणि तिसरी? तुझ्याकडे दोन मायनर आहेत. समोरचे गप्प बसले असं धर. टू क्लब, टू डायमंड (काही सांगत नाही, नुसती वाट बघतोय), मग तू थ्री डायमंड. म्हणजे पहिला रंग सांगेपर्यंत तीनच्या पातळीवर पोचलास. काका समजा थ्री हार्ट म्हणाले, आता किलवर सांगायला फोर क्लब, आणि थ्री नो ट्रम्प (बिनहुकूम नऊ हात, तेवढ्यात गेम म्हणजे मोठा बोनस) मागे राहिला. तेच वन डायमंड, वन हार्ट, थ्री क्लब असं गेलं तर? दोन्ही रंग सांगून झाले, गेमपर्यंत जायचं हेही ठरलं, आणि थ्री नो ट्रम्प अजून हातात आहे. म्हणजे वरून सुरुवात केलीस की गाडी एक स्टेशन मागेच राहते, असा उलटा प्रकार आहे हा.

मेजर असते तर मी लगेच टू क्लब म्हटलं असतं. पाच इस्पिक, पाच बदाम आणि हेच पॉइंट असतील तर टू क्लब, टू डायमंड, टू स्पेड, मग थ्री हार्ट, सगळं आरामात बसतं. मायनरच्या लोकांना भाडं जास्त पडतं.

आता तुझा धसका, सगळे पास करतील. तुझी इस्पिकं किती? एक. मग बाकीची बारा कुठे आहेत? तिघांकडे. तुझ्याकडे २२ आहेत म्हणजे उरलेले १८ पॉइंट आणि बारा इस्पिकं तीन माणसांत वाटलेली आहेत, आणि वन डायमंड ऐकून त्यातला एकही तोंड उघडणार नाही? होतं कधीतरी, नाही म्हणत नाही. पण जेव्हा खरंच सगळे पास करतात तेव्हा बऱ्याचदा पार्टनरकडे इतकं भंगार असतं की गेम होतही नसतो. तुझा तो वन हार्टवाला डाव काय होता? पानं टाक, मला शंका आहे की त्यात तुझ्या पार्टनरने सहा पॉइंट घेऊन पास केला असणार.

---

मेंढीकोटवाला:

सहा नाही, पाच होते, पण चार बदाम आणि इस्पिक एकच. तेव्हा पार्टनर काका नव्हते, दुसरे एक गृहस्थ होते. "माझ्याकडे सहा नव्हते" एवढंच म्हणाले.

---

उतारी_नागपूर:

बघ! म्हणजे चूक तुझ्या ओपनिंगची नव्हतीच. चार पानांचा सपोर्ट आणि एकेरी रंग घेऊन कोणी पास करतं का? पॉइंट मोजायला शिकवतो आपण नवीन माणसाला, आणि मग तो जन्मभर पॉइंटच मोजत बसतो.

---

किलवरचा गुलाम:

नागपूरकरांशी अर्धा सहमत आणि अर्धा नाही.

या पानांत हरणारे पत्ते मोजा. इस्पिकात शून्य, चौकटीत शून्य, किलवरात एक, बदामात दोन. एकूण तीन. तीन लूझरची पानं आणि २२ पॉइंट घेऊन जो टू क्लब काढतो त्याला मी चुकला म्हणणार नाही. मी स्वतः काय काढलं असतं? प्रामाणिकपणे, टेबलवर बसल्यावर कोण समोर आहे ते बघून. समोर बडबडे असतील तर वन डायमंड.

पण मेंढीकोटवाले, तुमचा बोर्ड गेला तो टू क्लबने नाही, फाइव्ह डायमंडने गेला. फोर स्पेडवर तुम्हाला फोर नो ट्रम्प होता की! इथे तो एक्के विचारायला नाही, "माझ्याकडे दोन रंग आहेत, तू निवड" असं सांगायला. काकांकडे चार किलवर, एक चौकट, ते फाइव्ह क्लब म्हणणार आणि ६०० आले. अर्थात हे जोडीने आधी ठरवलेलं पाहिजे. आयत्या वेळी फोर नो ट्रम्प टाकून पार्टनर समजेल अशी आशा करणं म्हणजे देवाला नारळ.

आणि दुसरं, काकांचा पास. त्या पासला काय अर्थ होता तुमच्यात? आमच्याकडे टू क्लबवर कोणी मध्ये उडी मारली तर डबल म्हणजे "माझी पानं एकदम फालतू आहेत", आणि पास म्हणजे "थोडं काहीतरी आहे, तू बोल पुढे". उलटं खेळणारेही आहेत, त्यालाही हरकत नाही, पण काहीतरी ठरलेलं हवं. काकांकडे तीन पॉइंट, आमच्या टेबलवर तिथे डबलचं लाल कार्ड आलं असतं.

फोर स्पेडला डबल मारायचा (म्हणजे त्यांचा दंड वाढवायचा) मोह कोणाला होत असेल तर तो हिशोबही करून टाकतो. काकांची उतारी चौकट ६, तुम्ही एक्का राजा राणी घेऊन चौथी चौकट लावली की काकांनी ती ९ ने मारायची, डमीत ७ आणि ५ असल्यामुळे वरून मारता येत नाही. मग इस्पिकचा एक्का आणि किलवरचा एक. तीन डाउन, डबलचे ५००. छान दिसतात पण ६०० पेक्षा कमीच, मॅचपॉइंटमध्ये फाइव्ह क्लबवाले तुमच्या पुढेच. ते व्हल्नरेबल नव्हते म्हणून तर त्या बाईंनी बेधडक उडी मारली.

---

दश्शी_ठाणे:

त्या बाई कोण होत्या माहीत नाही पण त्यांना माझा सलाम. टू क्लब ऐकल्यावर लोक घाबरून पास करतात, खरं तर तेव्हाच मध्ये घुसायचं असतं. अहो समोरच्याने स्वतःच सांगितलंय की माझ्याकडे ढीगभर पॉइंट आहेत, पण रंग कुठला ते अजून सांगितलेलं नाही. त्याची जागा खाऊन टाकायची हीच तर वेळ. माझ्याकडे राजा राणी गुलाम दश्शी धरून सात इस्पिकं असतील आणि आपण व्हल नसू तर मी पण थ्री स्पेडच.

म्हणून टू क्लबची खरी किंमत ही की त्यात तुम्ही मोठ्याने ओरडता पण सांगत काहीच नाही. वन डायमंड बोललात की निदान एक रंग टेबलवर आला. नंतर थ्री स्पेड, पास, फोर स्पेड असंच झालं असतं तरी तुम्हाला फक्त फाइव्ह क्लब म्हणायचं होतं, पार्टनरला दोन्ही रंग कळले, आता तो निवडेल. ६०० वाल्यांनी बहुतेक हेच केलं असणार.

---

समुद्रापलीकडचा:

इथे इंग्लंडमध्ये आमच्या क्लबातले म्हातारे अजूनही जुना ॲकॉल खेळतात. नाव कशावरून पडलं ते गमतीशीर आहे, लंडनमध्ये ॲकॉल रोड नावाचा एक रस्ता आहे, तिथल्या क्लबात १९३० च्या दशकात ही पद्धत जमत गेली. त्यात टू डायमंड, टू हार्ट, टू स्पेड हे तिन्ही जोरदार असतात, साधारण आठ हात स्वतःच्या पानांतून होणारे, आणि पार्टनरने एकदा तरी बोलायचंच. टू क्लब त्याहून वर. म्हणजे ही "वनने उघडलं तर मेलो, टू क्लबने उघडलं तर फुगलो" अशी मधली पानं त्यांना कधी सतावतच नव्हती. आपण सगळ्यांनी वीक टू हौसेने घेतले आणि त्या बदल्यात ही डोकेदुखी घेतली. मी वीक टूच खेळतो, कारण ते दर संध्याकाळी येतात, ही जोरदार पानं महिन्यातून एकदा.

आणि कोणीतरी आता येऊन प्रिसिजन (ही आणखी एक बोलीपद्धत) खेळा म्हणून सांगेल, त्याच्या आधी सांगतो की तिथे वन क्लब सोळापासून असतो आणि त्यावर लोक याहून जास्त उड्या मारतात.

---

वन_क्लब_झिंदाबाद:

आलोच मी 😄

प्रिसिजनला नावं ठेवायची नाहीत. १९६९ च्या बर्म्युडा बोलमध्ये (ब्रिजची जागतिक स्पर्धा) तैवानची टीम सी. सी. वेई यांची हीच सिस्टिम घेऊन फायनलला पोचली होती, तेव्हा कोणी ओळखतही नव्हतं त्यांना. उड्या मारतात हे खरं, पण वनच्या पातळीवर सुरुवात केलेली असते, एक मजला वाचलेला असतो.

बाकी या पानांवर मीही वन क्लबच काढणार आणि थ्री स्पेड आल्यावर तुमच्याइतकाच घाम पुसणार, ते मान्य.

---

मेंढीकोटवाला:

अरे वा, एवढं सगळं. धन्यवाद सगळ्यांना. एक उपप्रश्न. मग हे काय करायचं? हे मला ऑनलाइन खेळताना आलं होतं:

इस्पिक: एक्का राजा राणी गुलाम ९ ७ ४
बदाम: ५
चौकट: एक्का राजा ६
किलवर: ८ ३

१७ पॉइंट. मी वन स्पेड बोललो आणि पार्टनर (अनोळखी, प्रोफाइलवर "एक्स्पर्ट" लिहिलेलं) नंतर चॅटवर ओरडला की हा टू क्लब आहे. १७ वर टू क्लब आणि २२ वर वन डायमंड? डोकं फिरलं माझं.

---

उतारी_नागपूर:

जजमेंट खेळलायस ना? मग तुला हे समजलं पाहिजे. जजमेंटमध्ये पत्ते हातात आले की तू पॉइंट मोजतोस का? किती हात होणार ते सांगतोस. इथेही तेच कर. हुकूम इस्पिक, पार्टनरकडे शून्य, किती होतात? इस्पिकचे सात, चौकटचे दोन. नऊ. म्हणजे समोरून एक हात मिळाला की फोर स्पेड. आणि ती नऊ जवळजवळ कोणत्याही वाटणीत तशीच राहतात, सात पानांत वरची चारही आहेत, गुलाम कुठे चौथा पडलाय याची फिकीर नाही.

आता मागचे २२ असेच मोज बरं. हुकूम कुठला? तेच माहीत नाही. चौकट धरली तर गुलाम लांब असला की एक गेला, किलवर धरली तर पार्टनरकडे किलवर असायला हवेत. पार्टनरच्या एका राणीवर आणि चार पानांवर सगळं फिरतं, म्हणजे पार्टनरला आधी कळायला हवं की त्याची कुठली पानं उपयोगाची आहेत. १७ वाल्याला पार्टनरचं मत नकोच आहे, आणि त्याची दुसरी बोलीही ठरलेली आहे, टू स्पेड. समोरचा थ्री हार्ट ओरडला तरी थ्री स्पेड. फोर हार्ट तरी फोर स्पेड. त्याला कोणी हलवू शकत नाही.

---

किलवरचा गुलाम:

हात मोजलेत ते बरोबर, पण १७ वर टू क्लब काढताना एक पथ्य. पार्टनरला वाटणार की तुमच्याकडे बाहेरही एक्के-राजे आहेत. तो दहा पॉइंट घेऊन स्लॅमकडे (बारा-तेरा हातांच्या बोलीकडे) पळत सुटतो आणि बदाम-किलवरचे तीन हात उतारीपासूनच जातात. शिवाय समोरचे पाचच्या पातळीला गेले आणि पार्टनरने तुमच्या भरवशावर डबल मारला तर तुमच्याकडे बचावाचे हात किती? चौकटचे दोन आणि इस्पिकचा झाला तर एक. म्हणून मी इथे वन स्पेडच बोलतो आणि नंतर फोर स्पेडवर उडी घेतो. तुमचं काही चुकलं नव्हतं. "एक्स्पर्ट" हे प्रोफाइलवर स्वतःच लिहायचं असतं एवढं लक्षात ठेवा.

आणि हो, नऊ हातांवर टू क्लब खेळत असाल तर समोरच्यांनी विचारल्यावर "२२ प्लस" एवढंच सांगू नका, कमी पॉइंट आणि लांब रंग असू शकतो हेही सांगा. यावरून टेबलवर डिरेक्टर (पंच) बोलावलेले मी पाहिलेत.

---

दश्शी_ठाणे:

तुमच्या दोघांचं वन स्पेड-टू क्लब संपेपर्यंत एक गणित सांगते. २२ किंवा जास्त पॉइंट साधारण अडीचशे डावांत एकदा येतात. क्लबात एका बैठकीला २४ बोर्ड, म्हणजे तुम्हाला स्वतःला दहा बैठकांतून एकदा. म्हणून कोणाच्याच हे अंगवळणी पडत नाही. आम्ही दोघींनी काय केलं, ऑनलाइन डाव वाटायच्या टेबलवर अट घालून ठेवली की साउथला किमान २० पॉइंट द्यायचे, आणि नुसतं बिडिंग करायचं, खेळायचं नाही. एका रविवारी दुपारी चाळीस डाव केले. पहिल्या दहांतच कळलं की टू क्लब, टू डायमंड, टू नो ट्रम्प म्हणजे २२ ते २४ हे आम्हाला दोघींना येतं, आणि त्यानंतर स्टेमन, ट्रान्सफर (मेजर शोधायच्या ठरीव बोली) सगळं चालू की बंद यावर आमचं कधी बोलणंच झालेलं नाही. सात वर्षं एकत्र खेळतोय!

मायनर दोन रंगांचे डाव आले तेव्हा तर आमची भांडणंच झाली. शेवटी वहीत लिहिलं, दोन मायनर असतील तर २४ च्या खाली वनने उघडायचं. बरोबर आहे की नाही देव जाणे, पण दोघींना माहीत आहे हे महत्त्वाचं.

---

मेंढीकोटवाला:

मंडळी, आज संध्याकाळी काकांकडे गेलो होतो, हा सगळा धागा वाचून दाखवला. दशमी-चटणी खात शांतपणे ऐकलं. वन डायमंडवर मान डोलावली. टू क्लबवर उडी आली की डबल म्हणजे फालतू हे पण चालेल म्हणाले, वहीत लिहून घेतलं.

मग मी म्हटलं, काका, समजा मी त्या फोर स्पेडवर फोर नो ट्रम्प बोललो असतो, दोन रंग आहेत निवडा म्हणून, तर तुम्ही किलवर सांगितला असतात ना?

म्हणाले, "छे, मला काय ठाऊक तुझे दोन रंग. मला वाटलं असतं एक्के विचारतोयस. एकही नव्हता माझ्याकडे."

मग काय बोलला असतात?

"एकही नाही म्हणजे फाइव्ह क्लब."